चवीचा न्याय

म्हैसूरला पाहुण्याचे स्वागत कॉफीने होते. या नगरीचे नावच एका कॉफीला लाभले आहे: ‘मायसोर नगेट्स’. फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिका बियांची ही निवडक, टपोरी प्रत. तिची आंबूस तरतरी जिभेला चटकन जाणवते. फळ सालीसकट वाळवले, की ‘चेरी’ कॉफी होते. ती अंमळ जड लागते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ आंबटपणा गमावून सौम्य होते. पारखी निनावी पेल्यांतून चमचाभर कॉफी सुर्रकन ओढतो, घोळवून थुंकतो, मगच बोलतो. सवयीचे तेच उत्तम, ही आपली खोड त्याला परवडत नाही; त्याच्या शब्दावर मळेवाल्याच्या वर्षभराच्या श्रमांचे मोल अवलंबून असते. आपणही निवाडा करताना एवढा धीर धरावा.