रेषेची चाल

ज्या इंदुरात देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन घडले, तेथे चित्रासमोर निवांत उभे राहण्याचे सुख कोणास सांगावयास नको. हाताने रेखाटलेल्या अ‍ॅनिमेशनपटातील चित्राच्या नशिबी मात्र ते नाही. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक रेखाटन दोन चौकटी टिकविले, तरी मिनिटाला 720 रेखाटने लागतात आणि प्रत्येकाचे आयुष्य सेकंदाच्या बाराव्या भागाएवढे! त्यांतले एखादे भिंतीवर लावले, तर ते बहुधा अपुरेच वाटेल. त्याचे सौंदर्य मागच्या-पुढच्या रेखाटनांशी राखलेल्या अंतरात असते. अंतर कमी ठेवले की हालचाल मंदावते, वाढविले की वेग येतो; आणि उडी घेण्यापूर्वी पात्र किंचित दबले नाही, तर त्याच्या देहाला वजनच येत नाही.

मराठी माणसाला या विद्येचे वेड जुने. फाळक्यांनी 1915 मध्ये आगकाड्या पडद्यावर नाचविल्या. 'प्रभात'ने 1934 मध्ये 'जंबूकाका' काढला. पण ही सारी छोटेखानी कामे. पूर्ण लांबीची कथा रेषेला पेलते, हे 1937 मध्ये डिस्ने यांच्या 'स्नो व्हाइट'ने दाखविले. त्याच डिस्नेंकडे काम केलेले क्लेअर वीक्स 1956 साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आले. तेथे तयार झालेल्या राम मोहन यांना पूर्ण लांबीच्या रामकथेवर काम करावयास मिळाले, ते मात्र जपानच्या सहकार्याने. यूगो साको यांच्या पुढाकाराने 1992 साली पूर्ण झालेल्या त्या 'रामायणा'चे ते एक दिग्दर्शक होते.

त्या चित्रपटाची खरी कसोटी युद्धप्रसंगांत नव्हती. जपानी चित्रकारांना धोतर नेसून चालण्याची ढब, हात जोडण्याची लय परकी होती. ती भारतीयांनी समजावून दिली. राम वनवासाला निघतो तेव्हा त्याचा प्रणाम खोटा वाटला असता, तर पुढची सारी लंका व्यर्थ गेली असती.

हा चित्रपट 1993 मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. पुढे दूरचित्रवाणीवर एका पिढीने तो पाहिला, मनात जपला. देशभरातील चित्रपटगृहांत त्याचे मोठ्या प्रमाणावर प्रदर्शन झाले ते थेट जानेवारी 2025 मध्ये. तोवर साको 2012 साली आणि राम मोहन 2019 साली निवर्तले होते.