ओळख आणि वशिला



परीक्षांचे निकाल लागले कीं ठाणें, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यांतील घरांतून एक संवाद हटकून ऐकूं येतो. मुलगा नुकताच पदवीधर झालेला असतो, चार-दोन ठिकाणीं अर्ज गेलेले असतात, उत्तर मात्र कोठूनच आलेलें नसतें, आणि वडील सुस्कारा टाकून म्हणतात, "अरे, आपलें वर कोण आहे? वशिल्यावांचून कोण विचारतो?" मुलगाही तें खरें मानून खिन्न होतो. या उद्गारांत सत्याचा अंश आहे. परंतु त्यांत दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली आहे. एक ओळख आणि दुसरी वशिला. हा भेद ध्यानांत घेऊन, ज्याच्या पाठीशीं कोणी 'मोठा माणूस' नाहीं त्यानें ओळखीचा प्रामाणिक उपयोग कसा करावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

ओळख ही कळविते, वशिला ढकलतो. अमुक कारखान्यांत हिशेबनिसाची जागा रिकामी होणार आहे, अर्ज अमुक तारखेच्या आंत गेला पाहिजे, असें जो सांगतो तो ओळखीचें काम करतो. पुढील पारख उमेदवाराच्या गुणांचीच होते. वशिल्यानें मात्र अधिक लायक मनुष्यास बाजूस सारून त्याची जागा दुसऱ्यास दिली जाते. सरकारी नोकऱ्यांच्या बाबतींत तर संविधानाच्या सोळाव्या कलमानें सर्वांस समान संधीची हमी दिली आहे, आणि केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठीं मुलाखती घेणेंही बंद केलें. म्हणून सरकारी जागा मिळवून देतों असें सांगून जो पैसे मागतो, तो ओळखीचा असो वा अनोळखी, त्यास दारांतूनच परत पाठवावें.

आपल्या या भागाचा आणि ओळखीचा संबंध जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली, पुढील वर्षीं ती कल्याणास पोंचली, आणि मुंबईंतील रोजगार आपल्या उंबरठ्याशीं आला. पण मुंबईस उतरलेल्या नवख्यास काम मिळे तें बहुधा गांववाल्याच्या शब्दावर. कोकणांतून वा घाटावरून आलेला तरुण गांवकऱ्यांच्या खोलींत पथारी टाकी, आणि तेच त्यास गिरणींतील मुकादमापुढें, म्हणजे जॉबरपुढें, उभा करीत. परक्या शहरांत हा आधार मोठा होता. परंतु जॉबर दस्तुरी घेई आणि मर्जींतल्यांस काम देई. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगानें १९३१ सालच्या अहवालांत या पद्धतीवर कडक टीका केली ती यासाठींच.

या पद्धतींत दुसराही दोष होता. जवळच्यांची ओळख मनुष्यास जवळच्यांच्याच धंद्यांत नेते. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनीं दादर येथील मराठीभाषक कुटुंबांचा अभ्यास करून २००६ सालीं दाखविलें कीं, कष्टकरी जातींतील मुलगे नातेवाइकांच्या ओळखीनें पूर्वापार कामांतच जात आणि त्यामुळें मराठी शाळांतच राहत. उलट ज्यांच्यासाठीं अशी ओळख नव्हतीच, त्या त्यांच्याच बहिणी इंग्रजी शिक्षणाकडे अधिक वेगानें वळल्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारोंचें काम कायमचें गेलें, तेव्हां ज्यांचे सारे आप्त गिरणींतच होते त्यांस हांक मारावयास दुसरें दार उरलें नाहीं.

मग कोणती ओळख कामास येते? अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनीं बोस्टन शहराच्या न्यूटन या उपनगरांत, म्हणजे त्यांच्या ठाण्या-डोंबिवलींत म्हणा ना, नोकरी बदललेल्या लोकांस प्रश्न विचारले. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, ओळखीनें नोकरी मिळालेल्या शंभरांपैकीं सुमारें १७ जणांनाच नेहमीं भेटणाऱ्या माणसानें खबर दिली होती. सुमारें ५६ जणांना अधूनमधून भेटणाऱ्यानें, आणि सुमारें २८ जणांना वर्षांतून एकदां किंवा त्याहूनही क्वचित् भेटणाऱ्यानें. कारण उघड आहे. घरच्या माणसांस जें ठाऊक तें आपणांसही ठाऊक असतें. दूरचा परिचित वेगळ्या वर्तुळांत वावरतो, म्हणून त्याची बातमी आपणांस नवी असते.

माझाच अनुभव सांगतों. उमेदवारीच्या दिवसांत मी एका उच्चपदस्थ आप्तांच्या कचेरीबाहेर तीन वेळां बाकावर बसलों. प्रत्येक वेळीं उत्तर एकच : "पाहूं." त्याच सुमारास कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयांत रोज समोर बसून वर्तमानपत्र वाचणारे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "रोज जाहिरातींचेंच पान वाचतां, उमेदवार आहांत वाटतें?" त्यांनीं ठाण्यांतील एका कचेरींतील भरतीची माहिती दिली आणि सोबत चिठ्ठी दिली. तींत एवढेंच होतें : 'पत्रवाहक माझ्या माहितीचे आहेत. त्यांची परीक्षा घेऊन पाहावी.' परीक्षा झाली, ती मी उतरलों, आणि आयुष्याचा मार्ग लागला. ती चिठ्ठी मला नोकरी द्या असें म्हणत नव्हती, म्हणूनच तिला वजन होतें.

तात्पर्य, तरुणांनीं याचना करूं नये, विचारणा करावी. "काका, मला कोठें तरी चिकटवा" असें म्हटलें कीं समोरचा मनुष्य संकोचतो आणि टाळतो, "काका, आपल्या कारखान्यांत या कामासाठीं काय शिकलेलें असावें लागतें?" असें विचारलें कीं तोच आपण होऊन अर्धा तास बोलतो. लोकलच्या ठरलेल्या डब्यांतील सहप्रवासी, जुने शिक्षक, वाचनालय, मंडळ, यांपैकीं कोणासही कमी लेखूं नये. आपणांस काय येतें तें दोन वाक्यांत सांगतां यावें. ज्यानें माहिती दिली त्यास, काम होवो वा न होवो, निकाल अवश्य कळवावा आणि त्याच्या शब्दास बट्टा लागूं देऊं नये.

आणि आतां ज्यांस नोकरी आहे त्यांस एक विनंति. माहिती आपल्याच नात्यागोत्यांत फिरत राहिली, तर ओळखीचाही हळूहळू वशिला होतो. १९५९ च्या कायद्यानें रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचें बंधन घातलें होतें. पण तेथूनच माणूस घ्यावा असें बंधन नव्हतें, आणि अनेक जागांची खबर तोंडोतोंडींच फिरत राहिली. म्हणून आपल्या कचेरींत जागा निघाली तर ती पुतण्यास सांगाच. पण जिन्यांत भेटणाऱ्या, आपल्या जातीच्या वा गांवच्या नसलेल्या मुलासही सांगा. ज्याचें कोणीच नाहीं त्याचें वाचनालयांतील एका अनोळखी गृहस्थानें एकदां काम केलें होतें. तें ऋण फेडावयाचें तें असेंच.