चंद्राला साक्षीदार, मग उल्केला का नाही?



२ एप्रिल २०२२. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि शाबानची २९ तारीख. रमजानसाठी मी अकोल्याला घरी आलो होतो. मगरिबनंतर सगळा मोहल्ला गच्चीवर. चंद्र दिसला, तरी अब्बांचे प्रश्न सुरूच : कुणी पाहिला? कोणत्या दिशेला? आणखी कुणी पाहिला का?

पावणेआठच्या सुमारास आकाशातून उजेडाची एक रांग सरकत गेली. पुढे मोठा गोळा, मागे तुटत जाणारे तुकडे. कुणी म्हणालं मिसाइल, कुणी म्हणालं कयामतची निशाणी. मी पडलो इंजिनियर. ठासून सांगितलं, "उल्का आहे." लगेच ग्रुपवर टाकलंही.

माझी अकरा वर्षांची भाची म्हणाली, "मामू, तारा तुटतो तो चटकन विझतो ना? मग हा इतका हळू का?" मी तिला गप्प केलं.

सहरीला उठलो तेव्हा बातमी पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं आकाशातून पडलं होतं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेला एक टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं.

म्हणजे भाचीचा प्रश्न बरोबर होता. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेकदा काही सेकंदांत संपते. कक्षेतून उतरणारा रॉकेटचा तुकडा सेकंदाला साधारण ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो तुटत तुटत बराच वेळ दिसतो.

चूक कुणाचीही होते. लाज वाटते ती भाचीला गप्प केल्याची. चंद्रासाठी साक्षीदार मागणारे आम्ही, तासाभरात त्याच गच्चीवर माझ्या डिग्रीवर विसंबलो. कयामत म्हणणाऱ्याला मी हसलो होतो. पण पुरावा त्याच्याकडे नव्हता, तसा माझ्याकडेही नव्हता.

पुढच्या वेळी असं काही दिसलं तर आधी सेकंद मोजा. वेळ आणि दिशा लिहून ठेवा. आवाज आला का, तेही लिहा. माहीत नसेल तर सरळ "माहीत नाही" म्हणा. फॉरवर्ड नंतरही करता येतं.

पहिल्या रोज्याच्या सकाळी मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. खाली लिहिलं : प्रश्न माझ्या भाचीचा, चूक माझी.