कीटकभक्षक वनस्पतींची कुंडी : हरिता व बुरशीनाशक यांची निवड

कीटक खाणाऱ्या वनस्पतींविषयी माणसाला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मेघालयातील घटपर्णी, तसेच साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दिसणारे दवबिंदू आणि सीतेची आसवे ही आपल्या देशातील उदाहरणे होत. आता दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील गच्च्यांवरही हौशी लोक अशा वनस्पती वाढवतात. तेथे त्या दगावल्या, तर कारण बहुधा माशांचा तुटवडा हे नसते. ते कुंडीत असते.

या वनस्पती मूळच्या ओल्या, आम्लधर्मी व निकस जमिनीतल्या. जमिनीत नसलेले नत्र त्या कीटकांपासून मिळवतात. क्षारांची सवय नसलेल्या त्यांच्या मुळांना बागेतली माती किंवा खत मारक ठरते. म्हणून त्यांच्यासाठी स्फॅग्नम ही हरिता वापरतात. तिच्या पानांत पोकळ, मृत पेशी असतात; त्यांच्या योगाने ती स्वतःच्या शुष्क वजनाच्या सुमारे वीसपट पाणी धरून ठेवते. शिवाय पाण्यातील कॅल्शियम शोषून घेऊन ती आम्लता निर्माण करते. पहिल्या महायुद्धात तिच्या पट्ट्या जखमांवर बांधल्या गेल्या, त्या याच गुणांमुळे.

बाजारात 'मॉस' या नावाने मिळणारी प्रत्येक वस्तू मात्र स्फॅग्नम नसते. वेलींच्या काठीला गुंडाळण्यासाठी विकली जाणारी हिरवट, चपट्या थरांची हरिता खोडांवरून व खडकांवरून खरवडलेली असते. खरे स्फॅग्नम लांब धाग्यांचे, फिकट पिवळसर व वजनाला हलके असते. भिजवताच ते स्पंजासारखे फुगते. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरायचा, तर त्यातील क्षार अनेकवार धुऊन काढावे लागतात.

उत्तम हरिता निवडूनही तिला दिल्लीतले जड पाणी घातले, तर क्षार साचून तिची आम्लता संपते. पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी हाच त्यावर उपाय होय.

आता बुरशीचा प्रश्न. जुलै-ऑगस्टच्या कोंदट हवेत, बंद काचपेटीत, कुजक्या पानांवर करडी बुरशी धरते. अशा वेळी हात बोर्डो मिश्रणाकडे वळणे स्वाभाविक आहे. द्राक्षबागायतदारांना ते चांगलेच परिचित आहे. पण त्यात मोरचूद व चुना असतो. तांबे हरितेला विषारी, तर चुना आम्लतेचा शत्रू. म्हणजे एकाच फवाऱ्यात वनस्पती व तिचा आधार या दोहोंवर घाला पडतो. म्हणून तांबेयुक्त औषधे वर्ज्य समजावीत. मेलेली पाने कापणे, हवा खेळती ठेवणे आणि पाणी वरून न शिंपडता खालच्या ताटलीत घालणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. तेवढ्याने न भागल्यास तांबेविरहित बुरशीनाशक वेष्टनावरील प्रमाणापेक्षा अधिक न घेता प्रथम एकाच रोपावर वापरून पाहावे.

एक बुरशी मात्र माणसालाच बाधते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या १५ राज्यांत स्फॅग्नममध्ये बांधलेली रोपे हाताळणाऱ्या ८४ जणांना स्पोरोट्रायकोसिस हा त्वचारोग झाला. हा रोग हिमालयाच्या पायथ्याशीही आढळतो. तेव्हा हरिता हाताळताना हातमोजे घालावेत आणि हातावरची जखम झाकून ठेवावी.

शेवटी, रोप कोठून आले याची चौकशी करणे हेही निवडीचेच अंग आहे. मेघालयातील घटपर्णी रानातून उपटण्यास कायद्याने मनाई आहे; बी किंवा छाटापासून रोपवाटिकेत वाढवलेले रोपच घ्यावे. हरितेलाही हाच विचार लागू पडतो. ती मंदगतीने वाढते. म्हणून सडलेली तेवढी काढून उरलेली पुन्हा वापरावी. अशा काटकसरीने घरच्या कुंडीची शोभा रानाच्या जिवावर उठणार नाही.