तेलातली तार, राळेतली तार



घनसावंगी तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा आणि ‘रोहित्र कुठे आहे?’ असं विचारा. लोक तुमच्या तोंडाकडे पाहतील. ‘डीपी कुठंय?’ म्हणा, लहान पोरगंसुद्धा बोट दाखवील. डीपी म्हणजे खरं तर डबल पोल, दोन खांबांचा सांगाडा. त्यावर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपण खांबांचंच नाव देऊन टाकलं. सरकारी मराठीतला ‘रोहित्र’ हा शब्द मात्र मला आवडतो. त्यात मला आरोह ऐकू येतो. गंमत अशी, की आपल्या शेतातलं रोहित्र काम करतं ते अवरोहाचं. अकरा हजार व्होल्टची वीज ते चारशेच्या घरात उतरवतं, तेव्हा कुठे विहिरीवरची मोटार फिरते.

कुंभार पिंपळगावकडचा एक ऊसवाला मित्र मला म्हणाला, “भाई, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बिनतेलाचा ट्रान्सफॉर्मर पाहिला. नुसत्या लालसर दगडाचे तीन खांब उभे. तेल नाही, गळती नाही, चोरायला काही नाही. मग आमच्या शेतातच तेलाचं डबडं का?” मी बी.ए. झालेला कवी माणूस, अभियंता नव्हे. पण प्रश्न असा होता की सोडवेना. चार जाणकारांना विचारलं, थोडं वाचलं. त्यातलं जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी तेलाचं पाहू. डीपीच्या पेटीत पत्र्यांचा गाभा असतो आणि त्याभोवती कागद गुंडाळलेल्या तारेची वेटोळी. ही सगळी मंडळी तेलात बुडालेली. शंभर केव्हीएच्या डीपीत दीडशे लिटरच्या आसपास तेल असतं. त्याला दोन कामं. एक, विजेला तारेवरून भलतीकडे उडी मारू न देणं. दुसरं, उष्णता वाहून नेणं. तापलेलं तेल वर चढतं, बाजूच्या नळ्यांतून खाली येताना निवतं, पुन्हा वेटोळ्यांकडे जातं. ना पंप, ना पंखा.

आणि डीपी श्वास घेते, हे तुम्हाला ठाऊक आहे? भार वाढला की तेल फुगतं, आतली हवा बाहेर पडते. भार उतरला की तेल आकसतं आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. या श्वासाच्या वाटेवर काचेची एक बरणी बसवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. तिच्यात सिलिका जेलचे निळे खडे असतात. ते हवेतली ओल शोषतात आणि ओले झाले की गुलाबी पडतात. आपल्याकडे कित्येक डीप्यांची ही बरणी फुटलेली असते, किंवा खडे कधीचे गुलाबी पडलेले असतात. मग प्रत्येक श्वासागणिक ओल आत जाते, तेल कमजोर होतं, कागद कुजतो.

या तेलाचा दोष एकच, पण जीवघेणा. ते खनिज तेल आहे आणि पेट घेतं. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. ‘बॉर्डर’ लागला होता. ट्रान्सफॉर्मर इमारतीतच, तळमजल्यावर. सकाळी त्यात आग लागून गेली होती आणि वरवरची दुरुस्ती झाली होती. दुपारी सैल जोडणीतून ठिणग्या उडाल्या, रेडिएटरला भोक पडलं, तेल बाहेर आलं आणि पेटलं. धूर जिन्यातून बाल्कनीत चढला. ५९ माणसं गेली. त्यातली बहुतेक आगीनं भाजून नव्हे, धुरानं गुदमरून गेली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत निवासी आणि व्यापारी इमारतीच्या आत फक्त कोरडा, म्हणजे बिनतेलाचा ट्रान्सफॉर्मर बसवावा, असं स्पष्ट कलमच होतं. दवाखान्यातले लाल खांब आले ते या वाटेनं.

तो लाल दगड म्हणजे इपॉक्सी, एक प्रकारची राळ. विजेचं आणि राळेचं नातं जुनं आहे. आमच्या मणियारांच्या बांगड्यांची लाख आठवा. तीच लाख शुद्ध करून विजेच्या तारांना रोधक म्हणून लावत. लाखेला पर्याय शोधता शोधता बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट केलं. जुन्या काळ्या बटणांचं तेच. इपॉक्सीची जन्मकथा आणखी गमतीची. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान दातांच्या कवळीसाठी पदार्थ शोधत होते, त्यातून ही राळ हाती आली. सिबा कंपनीनं १९४६ मध्ये ती अ‍ॅराल्डाइट या नावानं बाजारात मांडली. फुटकी बरणी चिकटवायला आपण दोन नळ्यांतलं मिश्रण कालवतो ना, ते तेच. एका नळीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारं द्रव्य.

कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर आणि फार निगुतीनं होतं. तारेचं किंवा पट्टीचं वेटोळं भट्टीत वाळवून साच्यात उभं करतात. राळ, घट्ट करणारं द्रव्य आणि गारगोटीची बारीक पूड एकत्र ढवळतात. वजनानं पाहिलं तर निम्म्याहून अधिक पूडच असते. ती स्वस्त आहे म्हणून नव्हे. घट्ट होताना राळ तापते आणि आकसते. पूड तो ताप आणि ते आकसणं आवरते. शिवाय धातू आणि राळ तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. ती तफावत पूड कमी करते, नाहीतर ओतीव खांबाला तडे जातील. म्हणूनच या कामात तांब्याऐवजी अॅल्युमिनियम बऱ्याचदा घेतात, कारण त्याचं फुगणं पूड घातलेल्या राळेच्या जवळपास जातं.

हे सगळं निर्वात पेटीत ओततात. का? बुडबुड्यासाठी. मोहरीएवढी पोकळी आत राहिली तर तिथे विजेचा ताण गोळा होतो आणि डोळ्यांना न दिसणारी ठिणगी सतत खेळत राहते. राळ आतून पोखरली जाते. वरून खांब चकचकीतच असतो, आणि काही वर्षांनी एक दिवस आतून फुटतो. त्यासाठी माल बाहेर पडण्यापूर्वी या ठिणगीची मोजणी करतात. मग भट्टीत काही तास शेकलं की तयार. एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा कधीही वितळत नाही.

हे सगळं ऐकून माझा मित्र म्हणाला, “मग आणा की शेतात!”

इथे मला त्याच्या विरुद्ध बोलावं लागलं. ही राळ सावलीतली आहे. नेहमीच्या इपॉक्सीला उन्हातले अतिनील किरण सोसत नाहीत, तिच्यावर खडूसारखी पूड धरते. वर शेतातली धूळ बसली आणि पहाटेचं दव पडलं, की वीज त्या ओल्या धुळीवरून वाट काढते. हे खांब निववायला तेल नसतं, खेळती हवाच लागते. म्हणजे प्रत्येक डीपीला हवेशीर, कुलूपबंद खोली बांधा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. दगडासारखा दिसतो म्हणून चालू खांबाला हात लावायचा नसतो. वरून तो सुरक्षित नाही.

उन्हात टिकणारी वेगळी इपॉक्सी आहे, आणि ती उघड्यावर वापरतातही. जिनिंगमध्ये, साखर कारखान्यांत, जालन्याच्या लोखंडाच्या गिरण्यांत उच्च दाबाच्या मीटरजवळ विटेएवढे ठोकळे असतात ना, ते पुष्कळ ठिकाणी राळेतलेच. पण ते मोजमापाचे छोटे ट्रान्सफॉर्मर. शेताचा अख्खा भार त्यांच्या अंगावर नसतो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुरुस्ती. तेलाची डीपी उघडता येते. जळकं वेटोळं काढून नवं गुंडाळतात, तेल गाळून भरतात, आठ-दहा दिवसांत ती पुन्हा खांबावर चढते. राळेतलं वेटोळं गेलं की अख्खा खांबच टाकायचा. तार आत कायमची गाडलेली. चोराला काही मिळत नाही हे खरं, पण मिस्त्रीलाही काही मिळत नाही.

तेव्हा मित्राच्या मागणीत अन्याय शोधण्याआधी डीपी जळते कशानं ते बघावं. हिशेब सोपा आहे. शंभर केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या पंधरा-सतरा मोटारी बसतात. मोटारीची जात आणि कपॅसिटर यांवर एखाद-दुसरी मागेपुढे. आपल्याकडे डाव्या कालव्याला पाणी सुटलं, गव्हाला आणि उसाला एकदम तहान लागली, की तिच्यावर पंचवीस-तीस चालतात. त्यातल्या काही आकड्यावरच्या. वेटोळ्याचं तापमान मर्यादेच्या वर सहा अंशांनी चढलं की कागदाचं आयुष्य निम्मं होतं, आणखी सहा अंशांनी त्याच्याही निम्मं. वर किटकॅटमध्ये फ्यूजऐवजी जाड तार घातलेली. वितळून डीपीला वाचवायचं, ते काम ती करतच नाही. एखाद्या रात्री कोणी तेल उपसून नेलं, तर सकाळी वीज आल्यावर उघडी वेटोळी तासाभरातही जळू शकतात.

मग वर्गणी, ट्रॅक्टर, चकरा. वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या नियमांत ग्रामीण भागातली नादुरुस्त डीपी बदलायला ४८ तासांची मर्यादा घातली होती. हे कलम आपल्या किती शेतकऱ्यांना ठाऊक होतं? तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी, एवढं मी त्या मित्राला सांगितलं.

राज्यात २०१८ मध्ये उच्चदाब प्रणालीची योजना आली. एका छोट्या रोहित्रावर एक किंवा दोनच मोटारी. तेलाचीच रोहित्रं, पण मला ही कल्पना राळेपेक्षा अधिक कामाची वाटते. दोघांच्या डीपीवर तिसरा आकडा टाकायला आला तर ते दोघंच त्याला हटकतात. तीस जणांच्या डीपीवर कोण कोणाला बोलणार?

मित्रानं परवा फोन केला. खाली उभं राहून त्यानं आपल्या डीपीची बरणी पाहिली होती. मी त्याला वर चढू नको, फ्यूजला हात लावू नको, असं दोनदा बजावलं होतं. बरणी शाबूत आहे, खडे गुलाबी पडलेत, आणि टाकीखाली तेलाचा ओघळ आहे, असं म्हणाला. अर्ज लिहून मागत होता. तेवढं मराठी मला येतं. लिहून दिला.