गव्हाच्या मुळाशी राबणारे अदृश्य हात

(शनिवार पेठेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



जिजाऊसाहेबांनी पुण्याच्या उजाड भूमीवर सोन्याचा नांगर फिरविला, अशी परंपरा आहे. ती सांगणाऱ्या कसब्याला लागूनच आपली शनिवार पेठ वसली आहे. आज या पेठेत नांगर चालत नाही. परंतु पोळी घरोघरी लाटली जाते. त्या पोळीमागचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

हवेत ७८ टक्के नत्र आहे. तरीही नत्राच्या या सागरात उभे असलेले गव्हाचे रोप उपाशीच असते. नत्राचे दोन अणू परस्परांना इतके घट्ट बिलगलेले असतात, की वनस्पतीला ते सोडविता येत नाहीत. म्हणून वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस केली जाते. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत जेमतेम पावणेएकवीस किलो नत्र असते. म्हणजे जवळजवळ सहा गोण्या झाल्या! हा युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्या वायूसाठी आपल्याला परदेशाकडे पाहावे लागते.

जे काम प्रचंड कारखाने करतात, तेच मातीतील जिवाणू निमूटपणे करीत असतात. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींचे रहस्य हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये उलगडले. १९०१ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी मातीत मुक्तपणे राहून नत्र स्थिर करणारा ॲझोटोबॅक्टर शोधला. गव्हाच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. त्यामुळे हरभऱ्याचे रायझोबियम गव्हाला चोळून उपयोग नाही. त्याला ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलमच हवे.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. परिस्थिती अनुकूल असेल, तर हे जिवाणू हेक्टरी वीसएक किलो नत्राची बचत करू शकतात. सहा गोण्यांतील एक गोणी वाचली, तरी ती अल्प नव्हे. पण उरलेल्या पाच विसरून चालणार नाही. जिवाणूलाही भाकर लागते आणि ती म्हणजे मातीतील सेंद्रिय कर्ब. शेणखत नाही, पालापाचोळा जाळून टाकलेला, अशा भूमीत तो काय खाणार? उलट युरियाचा मारा झाला, की आयते नत्र मिळाल्याने तो आपले काम थांबवितो.

कृती सोपी आहे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी.

मात्र पाकिटातले जिवाणू जिवंत हवेत. २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा दंडक ठरला. दुकानाच्या फळीवर उन्हात तापलेले, मुदत उलटलेले पाकीट म्हणजे निव्वळ माती! शेतकऱ्याचे पैसे तर जातातच. पण ‘हे सारे थोतांड आहे’ हा समज गावभर पसरतो, ते नुकसान मोठे.

मुठेपलीकडे १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने स्थापन झालेली आघारकर संशोधन संस्था आहे. ‘एमएसीएस ६२२२’सारखी गव्हाची वाणे तिने दिली. वाण क्षमता देते. ती दाण्यात उतरविते माती. म्हणून खरिपात मूग-उडीद, रब्बीत गहू, वर्षाआड शेणखत आणि बियाण्याला ताजे संवर्धक, हा क्रम आपल्या गावाकडील आप्तेष्टांना अवश्य सांगा. आणि पाकीट घेताना आधी तारीख पाहा, असेही बजावा.