खातं कोणतं?



देहू-आळंदीच्या शेजारच्या या कारखानदारी पट्ट्यात स्वागत समितीतर्फे आपलं मनापासून स्वागत. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या परिषदेला समितीने स्वागताध्यक्ष निवडला तो भोसरीचा फाउंड्रीवाला. धूळ उडवणाऱ्यालाच धुळीवर बोलायला उभं केलंय, म्हणजे मला आज पळवाट नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को, बजाज, आणि पुढे चाकण. इथे माणसाची ओळख आडनावाआधी खात्यावरून होते. ‘पेंट शॉपला आहे’, ‘फेटलिंगला आहे’. मीही फेटलिंगलाच ग्राइंडर धरून सुरुवात केली. कास्टिंगला चिकटलेली वाळू घासून काढायची, तोंडाला रुमाल बांधून. आई पांढरा रुमाल कधी द्यायची नाही. संध्याकाळी नाक शिंकरलं की तो काळा व्हायचा.

शेजारच्या ग्राइंडरवरच्या माझ्या जोडीदाराला खोकला लागला. एक्स-रेत डाग दिसला, थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीची औषधं सुरू झाली. सहा महिन्यांनी डाग वाढला, तेव्हा कुठे तुकडा काढून तपासला, तर कर्करोग. ‘विडी ओढता का?’ हे त्याला प्रत्येकाने विचारलं. ओढत होताच तो. ‘खातं कोणतं?’ हे मात्र कुणीच विचारलं नाही.

विडी-सिगारेटचा वाटा सगळ्यांत मोठा, यात वाद नाही. पण सगळं विडीवर ढकललं की मालक सुटतो. मीही बरीच वर्षं तसाच सुटलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वाळूतली सिलिका १९९७ साली, डिझेलचा धूर २०१२ साली आणि वेल्डिंगचा धूर २०१७ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्यांत धरला. या तिन्हींवर तर आपला पट्टा चालतो! पाणी मारून घासणं, ग्राइंडरच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणं, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, हे उपाय नवे नाहीत. फक्त डस्ट कलेक्टर ऑडिटच्या दिवशीच सुरू होतो.

आता तपासणीचं. वार्षिक तपासणीत एक्स-रे ‘नॉर्मल’ आला की आपण निश्चिंत होतो. अमेरिकेत बरीच वर्षं धूम्रपान केलेल्या त्रेपन्न हजार जणांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०११ साली आला. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे, एक्स-रेच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण आपल्याकडे टीबीचे जुने डागही स्कॅनमध्ये उमटतात आणि धडधाकट माणूस उगाच सुईखाली जातो. म्हणून स्कॅन कुणाचा करायचा, कुणाचा नाही, यावर दुपारच्या सत्रात डॉक्टरांनी आपसात खुशाल भांडावं. वीस वर्षं फेटलिंगला काढलेला, पण विडी न ओढणारा माणूस त्यात कुठे बसतो, एवढं आम्हाला सांगून जावं.

नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला कार्ड मिळालंय. नाव, वय आणि तिसरी ओळ, खातं. ती बऱ्याच जणांनी कोरी ठेवलीय, असं कार्यकर्ते सांगतात. चहाच्या आधी तेवढी भरून द्या. चहा डाव्या हाताला आहे.